महालक्ष्मीचं जुनं नाव

नारायणगुड्याच्या चौकात झेंडूचे ढीग लागायला लागले की मला धास्ती वाटायला लागते. बाकीच्यांना त्यात सण दिसतो. फुटपाथला धरून बाया बसलेल्या असतात, बतुकम्मा, म्हणजे इथली फुलांची देवी, रचायला लागणारी फुलं त्यांच्यापुढे जुड्याजुड्यांनी मांडलेली. पिवळी तंगेडू असते, ती म्हणजे आमच्याकडचा तरवड. पांढरा-गुलाबी गुनुगू असतो, तो आमचा कुर्डू. आमच्या रानात माय त्याला तण म्हणून उपटून बांधावर फेकायची. इथं तो ताटात देवीच्या मानानं बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका फुलवालीला मी त्याचं आमच्याकडचं नाव सांगितलं होतं. तिला ते कळायचं काही कारण नव्हतं. तिनं मान डोलावली आणि जुडी माझ्या हातात कोंबली.

ह्या दिवसांत हैदराबादचं ऊन जरा मऊ पडतं. पहाटे पंखा नकोसा होतो. सीताफळांच्या हातगाड्या गल्लीत शिरतात आणि सगळ्या गल्लीला गोडसर, आंबूस वास येतो. आणि मग ऑफिसात जेवणाच्या डब्यावरून कोणी तरी सहज विचारतं, "प्रियाअक्का, पूजा कौन से दिन है?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रसादाचा लाडू असतो. मी मात्र तारीख सांगते आणि डबा झाकते.

पूजा म्हणजे आयुधपूजा, आमची खंडेनवमी. ऑफिसातली सगळी मशीनं बंद करायची, फडक्यानं पुसायची, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दसरा झाला की पुन्हा चालू करायची. लोकांना ह्यात काही वाटत नाही. मला 'बंद करायची' हे दोन शब्द ऐकवत नाहीत. चालू असलेली गोष्ट एकदा बंद केली की ती पुन्हा सुरू होईलच, असं मला आजवर कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

माझं दप्तर असंच एका खंडेनवमीला बंद झालं. मी नववीत होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विळे, खुरपी, कुदळ धुऊन पाटावर मांडली होती. त्यांच्या शेजारी मी माझी जुनी पाटी ठेवली, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, आणि पाटीवर दप्तर टेकवलं. पुस्तकं पूजेला ठेवली की अभ्यास करायचा नसतो, म्हणून त्या दिवशी मी खुशीत होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळे-खुरपी उचलून सगळे रानात गेले. कापूस फुटला होता, मीही गेले. दप्तर पाटावरच राहिलं. कोणी शाळेत जाऊ नको म्हणालं नाही. जा असंही कोणी म्हणालं नाही. शाळा पलीकडच्या गावात होती, वाटेत ओढा होता, घरात हात कमी होते. मग पाट कशाला तरी लागला, तेव्हा दप्तर माळवदावर गेलं. हळदीकुंकवाचा डाग त्याच्यावर तसाच होता.

हे सगळं मी विसरले आहे असंच मला वाटायचं. लग्न होऊन हैदराबादला आले, नाव बदललं, भाषा बदलली. ह्यांना सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात काम होतं. खोली नारायणगुड्याच्या मागच्या गल्लीत. जिना उतरला की समोरच कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. ह्यांनीच एकदा म्हटलं, दिवसभर घरात बसून काय करतेस, जाऊन तर बघ. त्या एका वाक्याचे उपकार मी अजून फेडते आहे. क्लासातून एका छोट्या कंपनीत डेटा एंट्रीला लागले. दुकानांच्या मागण्या इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर तिथं बनत होतं. मी टेबलाच्या टोकाला बसून बिलं टाईप करायची. इंग्रजी अक्षर न् अक्षर जुळवून वाचायची, ओठ हलू न देता.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी डेटा एंट्रीचं कामच बंद होणार होतं. दिवाळीनंतर बिलं आपोआप वाचली जाणार होती. टेबलावरच्या बाकीच्या मुली शिकलेल्या होत्या, त्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मला बघण्यासारखं काही नव्हतं. नववी नापासही नव्हते मी, नववी अर्धी होते. आणि घरी ठरलंच होतं, माझं काम सुटलं तर खोली सोडायची, ह्यांनी दुकानातल्या पोरांबरोबर राहायचं आणि मी गावी सासूबाईंकडे जायचं. काही दिवसांपुरतं, असं सगळे म्हणत. ते 'काही दिवस' मला चांगले ठाऊक होते. पाटावरचं दप्तरही काही दिवसांपुरतंच होतं.

तेव्हा सबीहा आपांनी मला उचललं. आपा आमच्या लिनक्सच्या मशीनांची सगळी व्यवस्था बघायच्या. जुन्या शहरातल्या, पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा डोक्यावर आणि पानाचा डबा पर्समध्ये. कंपनीचे मालक राव सर. त्यांच्याकडे जाऊन आपांनी सांगितलं की ही मुलगी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नाही, हिला माझ्या हाताखाली द्या. खरं तर मी भीतीनं दुसऱ्यांदा विचारत नव्हते. सरांनी अट घातली. डेव्हलपमेंटचं तीन नंबरचं मशीन हिनं उभं करावं, त्याच्यावर मेसेज ब्रोकर घालावा, दसऱ्यानंतर सॉफ्टवेअर घेणारी बाहेरची माणसं येऊन बघतील तेव्हा ते नीट चाललं तर ही राहील.

मेसेज ब्रोकर म्हणजे काय ते आपांनी मला पोस्टाच्या उदाहरणानं सांगितलं. मला कळलं ते वेगळ्या वाटेनं. आमच्या घरी जो जेवायच्या वेळी नसेल, त्याचं ताट माय वाढून झाकून ठेवायची. दादा उशिरा येवोत, कोणी पाहुणा चुकून अडकून पडो. तो आला, जेवला, हात धुतला, की मगच ते ताट मोरीत जायचं. तोवर त्याला कोणी शिवायचं नाही. ब्रोकरही तेच करतो. एक प्रोग्रॅम निरोप वाढून ठेवतो, दुसरा सवडीनं येऊन घेतो. घेणारा 'मिळालं' म्हणेपर्यंत ब्रोकर निरोप झाकून ठेवतो. हे कळल्यावर मला त्या न दिसणाऱ्या वस्तूबद्दल एकदम माया वाटली. भीती काही कमी झाली नाही.

काळ्या पडद्यासमोर पहिल्यांदा बसले तो दिवस मला अजून स्वप्नात येतो. मालकी हक्काचा पासवर्ड मागितला, मी टाईप केला, पडद्यावर काहीच उमटेना. एक ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं कीबोर्ड माझ्या हातून बिघडला. हात मांडीवर घेऊन बसून राहिले. आपा मागून म्हणाल्या की तो दाखवत नसतो, चोरांपासून लपवतो, तू टाईप करून एंटर दाब. दाबला. मग अक्षरांचा पूर आला. पॅकेजं म्हणजे तयार प्रोग्रॅमची गाठोडी. हे पॅकेज हवं तर ते पॅकेज लागेल, ते हवं तर आणखी चार लागतील. लग्नात एका घराला अक्षता दिल्या की अख्खी भावकी मानपानासह दारात उभी राहते, तसं. त्यातही ब्रोकर ज्या भाषेत लिहिला होता, तिचं पॅकेज नवं होतं आणि ब्रोकरला जुनं हवं होतं. दोघांचं पटेना. आधी घातलेलं काढायचं का, असं पडद्यानं विचारलं. हो की नाही. माझं बोट दोन्ही अक्षरांच्या मधे अडून राहिलं.

आपांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पूछ रहा है तो पढ़ो जी," त्या म्हणाल्या. "डर के हौ मत बोलो. डर के नक्को भी मत बोलो."

मी वाचलं. अक्षर जुळवत, बोट पडद्यावर ठेवून. आपा घाई न करता पान लावत बसल्या. आयुष्यात माझ्या वाचण्यासाठी कोणी थांबलं असेल तर त्या. काय काढणार आहे, काय राहणार आहे, सगळं लिहिलेलं होतं. मी हो म्हटलं. मग ब्रोकर बसला, सुरू केला, मशीन चालू झालं की आपोआप उठेल अशी आज्ञाही दिली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, चालू आहे. मी देवाला जोडतात तसे हात जोडले. आपा हसल्या नाहीत.

पुढचे दिवस भास्कर नावाचा आमचा टेस्टर रोज त्या ब्रोकरमध्ये निरोप टाकत गेला. दुकानांच्या खऱ्यासारख्या मागण्या, त्यातल्या चुका, विचित्र नावं, सगळं त्यानं खपून बनवलेलं. ते घेणारा प्रोग्रॅम अजून तयार होत होता, तो दसऱ्यानंतर येणार होता. बाहेरच्या माणसांना तेच दाखवायचं होतं, की घेणारा कधीही येवो, त्याचं ताट झाकलेलं असतं. मी सकाळी आल्याबरोबर पर्स खांद्यावर असतानाच रांगेत किती निरोप आहेत ते बघायची. रांग वाढत होती. गाभण गाईवरून हात फिरवावा तसं मला वाटायचं.

मग खंडेनवमी आली. आपा रजा घेऊन बिदरला लेकीकडे गेल्या. जाताना त्यांनी बंद कसं करायचं ते नीट सांगितलं, आधी ब्रोकर, मग मशीन. मी तसंच केलं. पंख्याचा आवाज थांबला तेव्हा खोली एवढी शांत झाली की खालच्या रस्त्यावरची बतुकम्माची गाणी वर आली. राव सरांच्या अम्मा कांजीवरम नेसून आल्या होत्या. त्यांनी एकेका मशीनला हळद-कुंकू लावलं. तीन नंबरपाशी थांबल्या. सरांनी कौतुकानं सांगितलं की हे नवं आहे, हे प्रियानं उभं केलंय. अम्मांनी त्याचं नाव विचारलं. सर म्हणाले, डेव्ह-थ्री. अम्मांनी तोंड वाकडं केलं. नव्या वस्तूला असलं नाव ठेवतात का, घरात आलेल्या लक्ष्मीला लक्ष्मीच म्हणावं. त्यांनी माझ्याच हातात अक्षता दिल्या. मशीनचं नाव महालक्ष्मी झालं. सर हसत हसत म्हणाले, चालू केल्यावर पहिलं काम हेच करून टाक. त्यांच्या लेखी ती एका ओळीची आज्ञा होती. माझ्याही लेखी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले. वाळलेली माळ बाजूला केली, बटण दाबलं. मशीन उठलं. नाव बदललं, पुन्हा एकदा बंद-चालू केलं. ब्रोकर आपोआप उठला. हिरवी अक्षरं आली, चालू आहे. मी रांग बघितली.

रांगच नव्हती. रिकामी सुद्धा नाही, नव्हतीच. जणू कोणी कधी काही ठेवलंच नव्हतं.

मोडलेली वस्तू मोडलेली दिसते, तिची भीती निदान डोळ्यांपुढे असते. पण इथं सगळं हिरवं होतं. सगळं ठीक आहे असं मशीन शपथेवर सांगत होतं आणि घरात काही नव्हतं. मला पाट दिसला, त्याच्यावरचं दप्तर दिसलं. बसस्टँड दिसला, ह्यांनी खिडकीतून आत दिलेली पिशवी दिसली, सासूबाईंचं दार दिसलं. भास्कर आला, त्यानं बघितलं, आणि तो मटकन खुर्चीवर बसला. पुन्हा इन्स्टॉल करून बघू का, असं त्यानं विचारलं. आधीचं सगळं काढून टाकू, स्वच्छ घालू. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, डर के हौ मत बोलो. आपा आल्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही, असं मी म्हटलं. भास्करनं खांदे उडवले, पण ऐकलं.

आपा ऊन वर आल्यावर आल्या, हातात सीताफळांची पिशवी. बिदरची आहेत, दाबू नका, उद्या डोळे उघडतील, असं सगळ्यांना सांगत. माझा चेहरा बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. मी बोलता बोलता रडायला लागले.

"रोना बाद में," आपा म्हणाल्या. "बंद करने के बाद क्या क्या करे, वो बोलो. एक भी बात छोड़ना नक्को."

मी सांगितलं. कुंकू, माळ, अक्षता. अम्मा काय म्हणाल्या. बटण. नाव.

"नाम बदले?"

"हौ, आपा. सर बोले."

त्या एकदम सैल झाल्या, खुर्चीत रेलल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. मग मला बाजूला न सारता, माझ्याच बोटांनी, त्यांनी मला त्या फोल्डरपाशी नेलं जिथं ब्रोकर आपला सगळा ऐवज ठेवतो. तिथं दोन घरं होती. एकावर आजची तारीख, नाव महालक्ष्मी. दुसऱ्यावर जुनं नाव.

"ये देखो," आपा म्हणाल्या. "ये अपना नाम देख के घर ढूँढता. नया नाम देखा, घर मिला नहीं, तो नया बना लिया. खाली घर. तुम्हारा माल कहीं गया नहीं जी, पुराने नाम के घर में बैठा है."

मग सोपं होतं. ब्रोकरच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सूचनांच्या फाईलमध्ये, त्याचं जुनं नाव पक्कं लिहून टाकलं, त्या नावानं हाक मारली तर ती ह्याच मशीनला पोचेल अशी एक ओळ दुसऱ्या फाईलमध्ये घातली. बाहेरून कोणी महालक्ष्मी म्हणो, आतून तो स्वतःला ओळखत राहील. सुरू केला. रांग आली. भास्करचे सगळे निरोप, जसेच्या तसे, झाकलेले. भास्करनं मोजले, पुन्हा मोजले आणि जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. राव सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले की अम्मांना सांगू नका. बाहेरची माणसं आली, बघून गेली. मी राहिले. दिवाळीनंतर माझी खुर्ची टेबलाच्या टोकावरून आपांच्या शेजारी आली.

रांग सापडली त्या संध्याकाळी मी चालत सुलतान बाजारापर्यंत गेले, ह्यांचं दुकान सुटायची वाट बघत बाहेर उभी राहिले. गर्दीत धक्के खात होते आणि माझ्या डोळ्यांपुढे एक ताट होतं. लग्नाच्या दिवशी ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. प्रिया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताट फिरवलं, मग ते तांदूळ कोणी तरी डब्यात ओतले. त्या दिवसापासून मी प्रिया. नाव छान आहे, ह्यांनी आवडीनं ठेवलं, मला काही तक्रार नाही. आधार कार्डावर, ऑफिसात, गल्लीत, सगळीकडे तेच. पण कधी कधी, एकटी असताना, मी मागचं काही आठवायला गेले की सापडायचं नाही. ओढ्यातलं पाणी गुडघ्याला कसं लागायचं, शाळेत माझ्या बाकावर शेजारी कोण बसायचं, पाटीवरची सरस्वती कुठून काढायला सुरुवात करायची. मला वाटायचं, गेलं. शिक्षण गेलं तसं हेही गेलं.

माझं माहेरचं नाव गोदावरी. आमचं गाव गोदाकाठचं, म्हणून. घरी सगळे गोदा म्हणत.

आता आपा ऑफिसात नाहीत. रिटायर होऊन बिदरला असतात, सीताफळाच्या दिवसांत कोणाबरोबर तरी पिशवी पाठवतात, न विसरता. मशीनं वाढलीत, मुलं वाढलीत. चांगल्या कॉलेजातली मुलं येतात, भराभर सगळं घालतात, भराभर काढतात, त्यांना कशाची भीती नाही. मला ती फार आवडतात आणि त्यांची फार काळजी वाटते. पॅकेजं घालायला मी आता घाबरत नाही असं सगळ्यांना वाटतं. मी घाबरते. फक्त वाचते आणि मग बोट ठेवते.

आज खंडेनवमी. सकाळपासून एकेक मशीन बंद केलं. तीन नंबर शेवटी. त्याच्यावरचं काम केव्हाच दुसरीकडे गेलंय, पण त्याला पूजेतून वगळायचं धाडस कोणी करत नाही, अम्मा अजून येतात. पंखा थांबला, खालची गाणी वर आली. कुंकू लावताना मी नेहमीसारखी वाकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याचं जुनं नाव घेतलं, बारशाला आत्या बाळाच्या कानात घेते तसं. परवा उठेपर्यंत विसरू नको म्हणून.

मग वऱ्हांड्यात येऊन गावी फोन लावला. दादा गेले, आता घरी माय एकटी. तिला कमी ऐकू येतं, दिसतंही कमी, फोनवर कोणाचं नाव आलंय ते तिला वाचता येत नाही. तिथं मला गोदा म्हणणारं तिच्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही, हे मला बटण दाबताना दर वेळी आठवतं. ती नसली तर त्या नावानं दार कोण उघडेल, हा विचार मी शेवटपर्यंत वाचत नाही.

रिंग बराच वेळ वाजली. दिवसभर ऑफिसचेच फोन घेतलेले, जिभेला वळण तेच.

"हॅलो, मी प्रिया बोलतेय."

"कोण प्रिया?" माय म्हणाली. "इथं कोणी नाही, बाई."

"माय, मी. गोदा."

"मग तसं सांग की," माय म्हणाली. "ठेवतच होते मी."